दोन आळ्यांचे पाळकबुवा

नांदुऱ्याच्या स्टेशनावर मी उतरले तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि बोर्डिंगात कमावलेली भरपूर ऐट होती. नगरकडून ट्रेनिंग घेऊन आलेली मी नवी मास्तरीण. मला वाटत होतं, वऱ्हाडावर उपकार करायलाच निघाले आहे. न्यायला तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळकबुवा स्वतः आले होते. माणूस कसला, पहाड. मान म्हणून काही दिसतच नव्हती, खांद्यांवर सरळ डोकं ठेवलेलं. कान कुस्तीत चुरगळून गेलेले. मी मनात म्हटलं, चला, ट्रंकेची काळजी मिटली. तर हे गृहस्थ ट्रंकेपाशी आले, तिच्याकडे कौतुकानं पाहिलं आणि म्हणाले, "बाई, एक कडी तुमी धरा, एक मी धरतो."

ट्रंकेत असून असून होतं काय? चार लुगडी आणि थोडी पुस्तकं. या माणसानं मनात आणलं असतं तर ट्रंकेवर मला बसवून दोघींनाही काखोटीला मारून नेलं असतं. पण नाही. आम्ही दोघांनी मिळून ती बैलगाडीपर्यंत नेली. त्यांची बाजू उंच, माझी ठेंगणी, त्यामुळे ट्रंक सारखी माझ्या नडगीवर आपटत होती. हा माणूस आळशी आहे, असा शेरा मी तिथल्या तिथं मारून टाकला.

गावात राहायला लागल्यावर तो शेरा पुसावा लागला. मला पाळकबुवांच्याच घरातली एक खोली मिळाली होती, त्यामुळे मी त्यांना दिवसभर पाहत असे. पहाटे उठून ते गोठा झाडत, आजारी माणसाकडे चार कोस चालत जात, दुपारी पोरांना पाढे म्हणायला लावत. आळसाचा मागमूस नाही. फक्त एकट्यानं काही करायचं नाही, एवढाच त्यांचा हट्ट. दाण्याचं मडकं उचलायचं असलं की ते मडक्याशेजारी उभे राहून रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारत, "ये बे, हात लाव जरा." हाक मारलेला माणूस कधी कधी असा काडीपैलवान असे की मडकं उचलताना बुवांना मडकं आणि तो माणूस दोन्ही सांभाळावे लागत. कुणी हसलं तर ते शांतपणे म्हणत, "एकट्याले जमलं, म्हनजे काम लहान निवडलं."

एकदाच मी त्यांना नियम मोडताना पाहिलं. वडनेर भोलजीच्या बाजारातून आम्ही परत येत होतो. गाडीवान पाणी प्यायला विहिरीकडे गेला होता. उतारावर गाडी सरकली आणि चाक बैलाच्या पायावर चढणार, तेवढ्यात बुवांनी उडी मारली, आसाला खांदा लावला आणि भरलेली गाडी एकट्यानं उचलून बाजूला ठेवली. मी थक्क होऊन पाहत राहिले. त्यांनी मात्र बाभळीची फांदी तोडताना पकडलेल्या पोरासारखं चोरटं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "कोनाले सांगू नका बाई. दुसरं कोनी नोतं म्हनून." मी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगते आहे.

आमचं देऊळ म्हणजे मातीच्या भिंतींची एक लांबट खोली. आठवड्याचे दिवस तिथं माझी शाळा भरे आणि रविवारी उपासना होई. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि शाळा तपासायला येणारे साहेब सारखं नागपूरचं नाव घेऊन आम्हाला धाक घालत; पण माझ्या पोरांना नागपूर आणि यरुशलेम दोन्ही सारखीच लांब. उपासनेला मी पहिल्यांदा बसले त्या रविवारी मला वाटलं, मी भलत्याच ठिकाणी आले. पाळकबुवा उपदेश करायला उभे राहिले. हरवलेल्या मेंढराचा भाग होता. नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडून धनी एकाला शोधायला निघाला, इथपर्यंत ते छान रंगात आले, आणि एकदम थांबले. मागच्या बाजूला भिंतीला टेकून डुलकी काढणाऱ्या म्हातारीकडे बोट करून म्हणाले, "शेवंताआजी, पुढचं तुमी सांगा."

ही त्यांची नेहमीची पद्धत होती. उपदेशाची सुरुवात त्यांची, शेवट कुणाचाही. त्यामुळे मंडळीत झोपणाऱ्यांची संख्या फार कमी होती. आणि जे झोपत, ते उठल्याबरोबर बोलायला तयार असत. शेवंताआजी डोळे चोळत उभी राहिली.

"मेंढरातलं मले काय समजते बुवा? मी कोंबडीचं सांगतो. माही कोंबडी हरपली. आमची वरली आळी सारी पाह्यली. मंग म्हटलं, जाऊन पाहावं खालच्या आळीत. जलमात गेली नोती मी तिकडे. तं याकोबाच्या घरी टोपल्याखाली माही कोंबडी. चोरली नोती हो त्याइनं, सांभाळली होती. दाने टाकले, पानी पाजलं. याकोबाची बायको म्हने, आजी, तुमीबी घोटभर पानी घ्या. म्या नाई घेतलं. घरी येता येता कोंबडीकडे पाह्यलं अन् म्हटलं, बाई, तू तं पेली, मीच तहानली राह्यली."

एवढं बोलून आजी खाली बसली. सगळं देऊळ हसलं. पाळकबुवा हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटून "आमेन" म्हटलं, आणि तो आमेन मला जरा जास्तच लांबलेला वाटला.

का, ते मला पुढं कळलं. आमच्या मंडळीत दोन आळ्या होत्या, वरली आणि खालली. ख्रिस्ती होण्याआधी त्या दोन निरनिराळ्या जाती होत्या आणि त्यांच्यात रोटीव्यवहार नव्हता. बाप्तिस्म्याचं पाणी दोघींनी एकाच घागरीतून घेतलं, पण प्यायच्या घागरी निराळ्याच राहिल्या. देवळात एका सतरंजीवर बसत, मात्र दोन आळ्यांच्या मधे एक माणूस आडवा झोपेल एवढी जागा आपोआप मोकळी राही. प्रभुभोजनाला एकाच प्याल्याला ओठ लावत. बाहेर आल्यावर मात्र ज्याची भाकर त्याच्या घरी. मी याकोबदादांना एकदा तोंडावर विचारलं. हा याकोबदादा खाललीतला वडील माणूस, सुतारकाम करणारा, बोलायला गोड. तो म्हणाला, "बाई, थो प्याला देवाचा हाये. भाकर तं आपलीच असते ना." असं सांगताना त्याला स्वतःलाच ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

पाळकबुवा तरुणपणी या गावात आले ते एकच चित्र डोळ्यांपुढे धरून: दोन्ही आळ्या एका पंगतीत बसून जेवताहेत. उपदेश करून पाहिला, रागावून पाहिलं, मग त्यांनी आपली स्वतःची विचित्र युक्ती काढली. देवळाची एकूण एक वस्तू त्यांनी फोडून दोन आळ्यांत वाटून टाकली. घंटा म्हणून कडुनिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला होता. तो वाजवायचा हातोडा वरल्या आळीत आणि तो टांगायची साखळी खालल्या आळीत. गाण्याची पेटी वरलीकडे, तिच्या कुलपाची किल्ली खाललीकडे. कंदील खाललीत, त्याची काच वरलीत. मंडळीचा एक भला मोठा पितळी गंज, म्हणजे पातेलं, होता. तो वरलीत, आणि त्याचं झाकण व डाव खाललीत. दोन्ही आळ्या आल्याशिवाय देवळात काहीही वाजायचं नाही, पेटायचं नाही की शिजायचं नाही.

घरातसुद्धा हाच कारभार. पाळकीणबाईंची फुंकणी शेजारच्या घरी राहायची आणि शेजारणीची चाळणी आमच्याकडे. पाळकीणबाई गरीब स्वभावाच्या, पण जीभ तिखट. चूल विझली की म्हणत, "लगन लागलं तवाच म्या पाहून घ्याले पाह्यजे होतं, नवरा पुरा मले देला का अर्धा शेजारी ठेवला."

वडनेरहून कल्हई करायला एक चाचा येत. पाळकबुवांची आणि त्यांची जुनी दोस्ती. चाचांनी भाता लावायचा आणि मग गंज येईपर्यंत वरल्या आळीची, झाकण येईपर्यंत खालल्या आळीची वाट पाहत बसायचं. "पादरी," चाचा म्हणायचे, "सारे मुलुख में बर्तन को कलई करता मैं. तुम्हारे यहाँ तो पहले लोगों को चमकाना पडता." बुवांना हे इतकं आवडलं की पुढच्या रविवारी ते त्यांनी उपदेशात घेतलं, आणि चाचांचं नाव घेऊन घेतलं.

या पद्धतीचे हाल आम्ही पुष्कळ भोगले. एकदा वरलीतली शेळी खाललीतल्या कुणाच्या हरभऱ्यात शिरली आणि आळ्यांची बोलाचाली बंद झाली. झालं, पेटी आली पण किल्ली आली नाही. पाळकबुवा जराही डगमगले नाहीत. "पेटी नाई तं नाई, मी सुरुवात करतो," म्हणाले आणि गाऊ लागले. आता देवानं त्यांना सगळं दिलं होतं, सूर तेवढा दिला नव्हता. त्यांचं गाणं म्हणजे चढावर गाडीचं कोरडं चाक. पोरं कान झाकून हसायला लागली. पहिला रविवार लोकांनी सोसला. दुसऱ्या रविवारी ते दुसरं कडवं सुरू करतात तोच याकोबदादा उठला, चिडून घरी गेला आणि किल्ली आणून वरल्या आळीच्या पेटीवाल्यापुढे आपटली. "वाजव लेका," म्हणाला, "शेळीचं मंग पाहू." शेळीचं पुढं कुणीच पाहिलं नाही.

असे ते छोटे छोटे विजय. पण पंगत काही बसत नव्हती. गंज दोन्ही आळ्यांनी मिळून वापरायचा म्हणजे चहा उकळण्यापुरता. आणि तो चहासुद्धा आपापल्या कपबशा आणून प्यायचा.

मी गावात आल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, कापसाची वेचणी संपत आली असताना, एका रविवारी उपदेश झाल्यावर पाळकबुवा खाली बसले नाहीत. उपदेशाचा शेवटही त्यांनी कुणाला दिला नाही. म्हणाले, "यंदाच्या नाताळाले देवळापुढे एक चूल पेटन. रोडगे, वांग्याची भाजी, वरन. एक चूल, एक पंगत. तुमच्यानं हे झालं तं झालं. नाई झालं तं मी मिशनले सांगतो, मले हलवा म्हनून."

घरी आल्यावर मी पाळकीणबाईंना विचारलं, हे खरं की नुसता धाक?

"खरं हाये बाई," त्या म्हणाल्या. "मोठ्या गावची मंडळी त्याइले कवाची बोलावून राह्यली. इटांचं देऊळ हाये, राहाले बंगला हाये. हे दरसाली नाई म्हनतात. यंदा म्हने, नाई म्हनाचं बळ सरलं. हे गेले तं नवा पाळक येईन. थो म्हनन, दोन आळ्या हायेत तं दोन उपासना करा, एकीले सकाळी, एकीले दुपारी. मंग मधात पाय ठेवाले वाटबी राहनार नाई." आणि पदर तोंडाला लावून त्या रडायला लागल्या. मला तोवर वाटत होतं, बंगला मिळाला तर पाळकीणबाई आनंदानं जातील. त्या दिवशी मलाही रडू आलं, आणि मी इथं उपकार करायला आले आहे ही माझी समजूत कुठल्या कुठं गेली. हा माणूस इथून जाता कामा नये, एवढंच मला कळत होतं.

बुवांनी कामं वाटली, अर्थात आपल्या पद्धतीनं. कणीक वरलीनं मळायची, रोडगे खाललीनं भाजायचे. वांगी वरलीनं चिरायची, मसाला खाललीनं वाटायचा. डाळ एकीनं निवडायची, दुसरीनं शिजवायची. म्हणजे कोणता घास कुणाच्या हातचा, हे खुद्द घासालाही कळू नये. सगळं ठरलं आणि मिठावर गाडी अडली. वरली म्हणे, खाललीतले लोक खारट खातात. खालली म्हणे, वरलीच्या तोंडाला चवच नाही. बराच वेळ हुज्जत चालली. शेवटी बुवांनी टेबलावर थाप मारली. "मीठ मास्तरीनबाई टाकीन. थे ना वरलीची, ना खाललीची. बाकी कोनी मिठाले हात लावाचा नाई, आयकलं का?" आयकलं, असं दोन्ही आळ्यांनी एकदम म्हटलं. एका आवाजात म्हटलेली ती त्यांची पहिली गोष्ट असावी.

नाताळाच्या सकाळी पाळकबुवा पहाटेच शेजारच्या वस्तीवर उपासना करायला गेले; तिथं आमच्या मंडळीची तीन-चार घरं होती. परत येऊन इथली उपासना घ्यायची आणि मग पंगत. मी नवं लुगडं नेसून, मिठाचं मडकं मांडीवर घेऊन देवळापुढच्या चुलीपाशी बसले. शेजारी पाळकीणबाई. गोवऱ्या रचलेल्या, पत्रावळींचा ढीग लावलेला. ऊन कडुनिंबाखालून सरकत आमच्या पायांशी आलं तरी कुणाचा पत्ता नाही. वरल्या आळीतून कणीक येईना, खाललीतून विस्तव येईना. पाळकीणबाई एकदा या वाटेकडे पाहत, एकदा त्या वाटेकडे. मग त्यांनी वर पाहिलं आणि माझा हात घट्ट धरला. वरल्या आळीच्या मागून धूर निघत होता. खाललीच्या मागूनही निघत होता.

तेवढ्यात गाडी आली. पाळकबुवांनी गाडीतूनच दोन्ही धूर पाहिले असणार, कारण ते उतरले ते सरळ आमच्या थंड चुलीपाशी येऊन मातीत बसले. नवं पांढरं धोतर होतं, त्याचीही पर्वा केली नाही. एवढा मोठा देह, पण मला तो फार लहान दिसला. म्हणाले, "दोन चुली पेटल्या." मग पाळकीणबाईंकडे न पाहता म्हणाले, "सामान बांधा." पाळकीणबाई उठून घरात गेल्या. मला मात्र असा संताप आला होता की मडकं घेऊन जावं आणि दोन्ही आळ्यांच्या डोक्यात घालावं.

पण मी उठायच्या आतच वरल्या वाटेवर गलका झाला. चार माणसं वाशांना टांगून तो पितळी गंज आणत होती, वर झाकण म्हणून परात, परातीवर दगड. मागं बायका रोडग्यांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन. पुढं शेवंताआजी. आणि त्याच वेळी खाललीच्या वाटेनं याकोबदादा आणि त्याची माणसं, डोक्यावर लहानमोठी पातेली, मागं तशाच टोपल्या. दोन्ही वराती देवळापुढे समोरासमोर आल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"हे काय बे?" शेवंताआजी म्हणाली.

"तुमीच सांगा आजी, हे काय?" याकोबदादा म्हणाला. "आमाले वाटलं, तुमी काई येत नाई. तुमी कनीक नाई आनली तं बुवा जातीन. म्हनून आमीच सारं करून ठेवलं."

"अन् आमाले वाटलं, तुमी विस्तव आननार नाई! आमीबी पहाटपासून हेच करून राह्यलो!"

पाळकबुवा मातीतून उठले नाहीत. "म्हनजे एकानंबी दुसऱ्याचा भरोसा केला नाई," म्हणाले. "एवढ्या वर्साचं माह्यं काम, अन् नाताळाच्या दिवशी आळी आळीले म्हनते, तू येत नाई."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मग शेवंताआजीनं आपल्या गंजाकडे पाहिलं, खाललीच्या पातेल्यांकडे पाहिलं.

"याकोबा," ती म्हणाली, "किती लोकाइचं केलं?"

"साऱ्याइचं."

"साऱ्याइचं म्हनजे? आमचंबी?"

"मंग! तुमी नाई आनलं असतं तं तुमी काय उपाशी राह्यले असते? नाताळ हाये न आजी!"

"आमीबी तुमच्यासकट केलं," आजी म्हणाली. तिचा आवाज एकदम बदलला. "तं मंग बुवा, आमी आमच्याच हातचं काऊन खावाव? थे तं रोजच खातो." आणि हे बोलून ती बाई सरळ चालत गेली आणि खाललीच्या पातेल्यांसमोर एक पत्रावळ मांडून बसली. "वाढा," म्हणाली. याकोबदादाच्या बायकोनं इतक्या घाईनं वाढलं की वरण पत्रावळीबाहेर गेलं.

मग कुणाला सांगावं लागलं नाही. वरली आळी खाललीच्या अन्नापुढे बसली, खालली वरलीच्या. उपासना बाकी आहे याची कुणालाही आठवण राहिली नाही, पाळकबुवांनाही नाही. त्यांनी उभ्या उभ्या चार शब्दांची प्रार्थना केली. लोकांनी त्यांना दोन्ही पंगतींच्या मधे बसवलं आणि दोन्हीकडून वाढलं.

पहिला घास घेतला आणि पंगत गप्प झाली.

मी वाढत होते. पाहते तर सगळे खाली मान घालून फार गंभीरपणे चावताहेत. "भाजी झकास झाली," शेवंताआजी म्हणाली, पण डोळे वर न करता. "वरन तं लईच भारी," समोरून याकोबदादा म्हणाला आणि लोटाभर पाणी प्याला. पोरं काही बोलायला गेली तर आयांनी चिमटे काढले. दुसऱ्या आळीच्या हातचं आयुष्यात पहिल्यांदा पानात आलेलं, त्याला नाव कोण ठेवणार?

पाळकबुवांनी डाव्या बाजूच्या भाजीचा घास घेतला. थांबले. उजव्या बाजूच्या भाजीचा घेतला. मग माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुमच्याजवळचं मीठ कुठी हाये?"

"मडक्यात," मी म्हटलं, आणि बोलता बोलता माझ्या डोक्यात उजेड पडला. मडकं सकाळपासून तोंडोतोंड भरलेलं होतं.

"काऊन बे," बुवांनी पंगतीला विचारलं, "कोनीच मीठ नाई टाकलं?"

वरलीतली एक सून डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "मीठ बाईकडे होतं ना. तुमीच सांगतलं, कोनी हात लावाचा नाई."

"आमालेबी तसंच सांगतलं होतं," खाललीतून आवाज आला.

"अन् कोनी चाखूनबी नाई पाह्यलं?"

"प्रार्थनेआधी कसं चाखाव बुवा?"

"अरे, पन चोरून सैपाक केला, तं मीठबी चोरून टाकाचं होतं!"

"तसं कसं?" याकोबदादा खरोखरच नवल वाटून म्हणाला. "थे बाईचं काम हाये. बाईचं काम आमी काऊन करावं?"

पाळकबुवांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा शेवंताआजीकडे, आणि हसायला लागले. असं हसणं मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. ते मोठे खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, घास हातातच राहिला होता. "याइच्यानं आता एकट्यानं काईच होत नाई," ते कसंबसं म्हणाले. "चोरीसुदीक अर्धीच करतात! पार बिघडले हो हे लोक." आणि मग दोन्ही आळ्या हसायला लागल्या, पोरं हसली, तोंड दाबून धरलेल्या आया हसल्या. देवळाशेजारच्या आमच्या घराच्या दारात पाळकीणबाई हातात अर्धवट बांधलेलं गाठोडं घेऊन उभ्या होत्या. "तुमीच बिघडवले," त्या म्हणाल्या. "आता हे बांधू का सोडू, तेवढं सांगा."

"सोडा," बुवा म्हणाले, "अन् पत्रावळ घेऊन या."

मी मडकं उचललं आणि दोन्ही पंगतींतून मीठ वाढत गेले. चिमूट चिमूट. प्रत्येक जण पत्रावळ पुढं करत होता आणि प्रत्येक जण सांगत होता, बाई, जरा जास्त. पुढं नोकरीत मला मानाच्या जागा मिळाल्या, सत्कारही झाले. पण त्या दिवशी मिठाचं मडकं घेऊन फिरताना जेवढं सुख वाटलं तेवढं पुन्हा वाटलं नाही.

इटांचं देऊळ आणि बंगला दुसऱ्या कुणा पाळकाला मिळाला. आमचे पाळकबुवा राहिले. पुढच्या नाताळाच्या आधी त्यांनी मंडळीपुढे पुन्हा तोच बेत मांडला: आता तरी देवळापुढे एकच चूल करू. पाणी आता कुणीही कुणाच्याही घरी पीत होतं, तेव्हा अडचण कसली, असं त्यांना वाटलं. सगळे शेवंताआजीकडे पाहायला लागले.

"नाई बुवा," ती म्हणाली. "आमच्या चुलीवर त्याइच्यासाठी शिजलं पाह्यजे, अन् त्याइच्या चुलीवर आमच्यासाठी. एक चूल केली तं मंग कोनी कोनाले जेवू घालाचं?"

ज्या पंगतीसाठी पाळकबुवांनी उमेदीची सगळी वर्षं घातली होती, तिच्याबद्दल त्यांच्यापेक्षा जास्त त्या म्हातारीला कळलं होतं. ते सतरंजीवर तिच्यासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "आजी, पुढचंबी तुमीच सांगा."